सात सुया, एक अंगुस्तान

उपग्रह कोण बनवतं असं विचारलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चष्मेवाले शास्त्रज्ञ येतात. येऊ देत बापडे. पण वर गेल्यावर त्या उपग्रहाला एका कुशीवर उन्हाचा चटका आणि दुसऱ्या कुशीवर हाडं गोठवणारी थंडी सोसावी लागते. म्हणून त्याच्या अंगावर एक पांघरूण घालतात, आणि ते पांघरूण कोणीतरी खाली मान घालून हाताने शिवतं, हे मात्र कोणाच्या गावीही नसतं. ही गोष्ट ते शिवणाऱ्या बाईची आहे. सगळी कंपनी तिला सुईबाई म्हणायची. तोंडावर आदराने, पाठीमागे वैतागाने. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचं तिला सारखंच कौतुक होतं.

कंपनी खासगी होती. डावीकडे खोकी बनवण्याचा कारखाना, उजवीकडे टायरचं गोदाम आणि मध्ये ही पांढरी इमारत. इथे धुलाई यंत्राएवढे छोटे उपग्रह बनत. कोणाला जहाजं मोजायची असतात, कोणाला जंगलातले वणवे वरून बघून त्यांची माहिती विकायची असते. असले धंदेवाले इथे येऊन उपग्रह बनवून घेत. रॉकेट दुसऱ्याच कंपनीचं. त्यात एका फेरीला चाळीस-पन्नास उपग्रह बसवून नेत. एसटीसारखंच ते. जागा आधी घ्यायची, वेळेवर हजर व्हायचं, आणि उशीर झाला तर गाडीच्या धुराकडे बघत उभं राहायचं.

इमारतीच्या मागच्या अंगाला शिवणखोली होती. आत जाण्याआधी केसांवर टोपी, अंगावर पांढरा डगला, आणि दारातल्या चिकट पायपुसण्यावर दोन्ही पाय. मग एक लांबलचक टेबल आणि चार बायका. सिगारेटच्या चांदीपेक्षा पातळ अशा चकचकीत पटलाचे वीस थर, प्रत्येक दोन थरांमध्ये जाळी, आणि सगळ्यांना धरून ठेवणारे टाके. कागदोपत्री त्या वस्तूचं नाव लांबलचक होतं. बायका तिला गोधडी म्हणत. सरळ शिवण मशीनवर व्हायची, पण कोपरे हातानेच घालावे लागत, आणि कोपरे घालावेत ते सुईबाईनेच.

त्याआधी एकोणीस वर्षं तिने मोटारींच्या सीटची कव्हरं शिवली होती. तिथे एकदा सुई मोडली, टोक सापडलं नाही, आणि मालक म्हणाला, "जाऊ दे, गाडी थोडीच रडणार आहे?" गाडी रडली नाही. आठ दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ रडत आले. टोक त्यांच्या मांडीत गेलं होतं. मालकाने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. सुईबाईने त्याच दिवशी कानाला खडा लावला. पुढे इथे आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने स्वतः एक वही सुरू केली. सुयांची वही.

तिचा नियम असा. सकाळी प्रत्येकीने सात सुया मोजून घ्यायच्या, संध्याकाळी सात मोजून परत करायच्या. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे जुळवून वहीच्या पानावर चिकटपट्टीने डकवायचे, म्हणजे अख्खी सुई पुन्हा दिसली पाहिजे. तुकडा कमी पडला तर त्या पानातून लाल दोरा ओवायचा आणि त्याचं टोक वहीबाहेर लोंबतं ठेवायचं. दोरा लोंबतोय म्हणजे पान उघडं. पान उघडं म्हणजे शिवणखोलीची सही नाही, आणि सही नाही म्हणजे उपग्रहाची पेटी बंद व्हायची नाही. तुकडा मिळाला नाही तर गोधडी उसवून, थर न् थर बघून मगच पुढचं बोलायचं. वर काही खाली पडत नसतं. जे सुटतं ते तरंगतं, आणि तरंगत तरंगत दोन तारांच्या मध्ये जाऊन बसलं की त्या उपग्रहाने डोळे मिटलेच म्हणून समजा.

हा नियम पाळण्यात ती इतकी कडक होती की एकदा मालकीणबाई पाहुण्यांना घेऊन आल्या, तर त्यांच्याही खिशातली पिन तिने मोजून घेतली.

तिच्या उजव्या तर्जनीत एक अंगुस्तान असायचं. म्हणजे सुई ढकलताना बोटाला टोचू नये म्हणून घालायची ती धातूची टोपी. शिकवणाऱ्याने मधल्या बोटात घालायला सांगितलं होतं, हिने जन्मभर तर्जनीतच घातलं. एकोणीस वर्षांची कव्हरं आणि अकरा वर्षांच्या गोधड्या त्याच टोपीने ढकललेल्या. वयाने बोट बारीक झालं तसं ते सैल पडू लागलं, म्हणून तिने आतून त्याला गोधडीच्याच पिवळ्या चिकटपट्टीचा वेढा दिला होता.

आता त्या दिवशीचं ऐका.

वणवे बघणारा उपग्रह तयार होता. दुपारी चारला ट्रक येणार होता, कारण परवा संध्याकाळी रॉकेटवाले दार बंद करणार होते. सकाळी अकराला शेवटच्या कोपऱ्यावर सुईबाईची सुई कट्‌ करून मोडली. मोठा तुकडा हातात राहिला. टोक नाही. तीन मिलिमीटर. तांदळाच्या अर्ध्या कणीएवढं.

बायका गुडघ्यांवर बसल्या. टेबल, जमीन, डगल्यांच्या बाह्या, बुटांवरची आवरणं, दारातलं चिकट पायपुसणं, सगळं लोहचुंबक फिरवून झालं. टोक नाही. सुईबाईने वही उघडली, लाल दोरा ओवला आणि निरोप धाडला.

निरोप पोचायच्या आत घाईसाहेब पोचले. माल वेळेवर पाठवायचं काम यांचं. खरं नाव काही का असेना, ते चालत कधी नसत, धावतच असत, म्हणून बायकांनी बारसं केलं होतं.

"मावशी, हे काय ऐकतोय मी?"

"मावशी घरी. इथे मी शिवणखोलीची प्रमुख आहे. टोक सापडत नाहीये. गोधडी उसवायची."

"किती वेळ लागेल?"

"तीन दिवस."

"तीन दिवस!" घाईसाहेबांचा आवाज टोपीत मावेना. "तुम्हाला कळतंय का? ट्रक चारला आहे! पुढची जागा पाच महिन्यांनी. तीन मिलिमीटरसाठी?"

"मग मोठी सुई हरवू का पुढच्या वेळी?"

बाजूला कात्री उभी होती. ती पटल कापायची म्हणून कात्री. चाळिशीची, अबोल बाई, सुईबाईच्या शब्दाबाहेर नसलेली. तिने हसू आवरायला तोंड फिरवलं.

"यंत्राने तपासू की," घाईसाहेब म्हणाले.

"विचारलं. आत इतक्या तारा आहेत की त्यात हे टोक ओळखू येणार नाही म्हणतात."

"बरं, टोक आतच गेलंय कशावरून?"

"नाही गेलं कशावरून?"

घाईसाहेबांनी आवाज चढवला. "ठीक आहे. सही मी करतो. जबाबदारी माझी."

"तुम्हाला टाका घालता येतो?"

"त्याचा काय संबंध?"

"ज्याला घालता येत नाही, त्याने नीट घातलाय म्हणून सही कशी करायची?" आणि एवढं बोलून सुईबाईने टेबलावरचा उसवणीचा चाकू उचलला, कोपऱ्यावरच्या पहिल्या टाक्याखाली घातला आणि त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून तो टाका कापला. मग दुसरा. मग तिसरा. आता सही कोणी केली असती तरी उघड्या अंगाचा उपग्रह कोणी नेला नसता.

घाईसाहेब दारातल्या चिकट पायपुसण्यावरून इतक्या जोरात गेले की बुटाचं एक आवरण तिथेच चिकटून राहिलं.

तीन दिवस चौघींनी थर सोडवले. वीस थर, उजेडापुढे धरून, भिंग लावून, आणि मग खालचं उपग्रहाचं अंगही. बोटं वाकडी झाली. टोक मिळालं नाही. सुईबाईने तसंच वहीत लिहिलं, नवी गोधडी शिवायला घेतली. लाल दोरा मात्र लोंबतच राहिला. उपग्रहात टोक नाही हे आता कळलं होतं, पण ते कुठे आहे हे कुठे कळलं होतं?

तीन आठवड्यांनी ते रॉकेट उडालं. जेवणघरातल्या मोठ्या पडद्यावर सगळी कंपनी बघत होती. असलं सुरेख उडालं की बघत राहावं. एकेक उपग्रह सुटत गेला, आणि यांची जागा रिकामी म्हणून तिथे वजन सांभाळायला एक लोखंडाचा ठोकळा बसवला होता, तोही दिसला. टाळ्या वाजल्या नाहीत. माना वळल्या. सुईबाई मधल्या रांगेत बसली होती. ती उठून मागे गेली नाही की मान खाली घातली नाही. डबा संपवला, झाकण लावलं आणि म्हणाली, "छान उडालं हो." मग भांडं धुवायला गेली. नळाखाली तोच डबा तिने तीनदा घासला, पण ते फक्त कात्रीने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर कागद लागला. सोमवारी बैठक. विषय: शिवणखोली बंद करून तयार गोधड्या बाहेरून मागवणे. प्रस्ताव घाईसाहेबांचा. चार बायकांचं काय, ते कागदावर नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी सुया मोजून झाल्या. सुईबाई कपडे बदलायच्या खोलीत आपल्या कप्प्यापुढे उभी होती. अंगुस्तान पुन्हा सैल वाटत होतं, म्हणून तिने आतली जुनी पिवळी पट्टी नखाने सोडवायला घेतली. पट्टीच्या कडेखाली काहीतरी चमकलं.

तिने चष्मा लावला. मग चष्मा पुसून पुन्हा लावला.

तीन मिलिमीटर. मोडताना टोक उडून बोट आणि टोपी यांच्या मध्ये गेलं होतं आणि चिकटपट्टीत रुतून बसलं होतं. जगाचे खिसे झाडले, दुसऱ्यांचे बूट उलटे केले, पायपुसण्यावर चुंबक फिरवला; पण स्वतःच्या बोटातलं अंगुस्तान तपासायचं तिच्या मनातही आलं नाही. तीस वर्षांत ते वस्तू राहिलंच नव्हतं, बोटच झालं होतं. बोट कोण तपासतं?

ती बाकावर बसली. खूप लाज वाटली तिला, आणि त्या लाजेखाली रागही होता, स्वतःचाच. मग तिने ते टोक चिकटपट्टीच्या तुकड्यावर घेतलं, चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि घरी गेली.

घरी नवरा होता. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आता निवृत्त, आणि म्हणून घरातली प्रत्येक सरकणारी वस्तू खोलून बसलेला. त्या दिवशी खिडकी होती. तिने डबी त्याच्यासमोर उघडून सगळं सांगितलं.

तो आधी पोट धरून हसला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"हसून झालं?"

"झालं. आता ते टोक बेसिनमध्ये सोड आणि नळ चालू कर."

"अहो!"

"अगं, कोणाला कळणार आहे? सोमवारी बैठक आहे. तू जाऊन सांगितलंस, की टोक माझ्याच बोटात होतं, की त्या धावऱ्याला आयतं कोलीत. 'बघा, उगाच रॉकेट चुकवलं.' चौघींचं काम जाईल. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

तो चुकीचं बोलत नव्हता, आणि तेच तिला टोचत होतं. कात्रीच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. बाकी दोघींचीही काही हौस म्हणून शिवण नव्हती.

"तुम्ही लिफ्टच्या दोराची तार तुटलेली पाहून गप्प बसला होता का कधी?"

"नाही. पण तो दोर वर होता आणि खाली माणसं होती. हे टोक तर सापडलंय. विषय संपला."

"मला सापडलंय. वहीला नाही."

"वही काय तुझी सासू आहे?"

"सासू बरी होती. तिच्यापासून एखादी गोष्ट लपवता यायची." सुईबाईने डबी बंद केली. "आज मी हे नळात सोडलं, तर उद्यापासून त्या वहीतलं एकही पान खरं नाही. मग त्या खोलीत उरलं काय? चार बायका आणि शिवणाचं मशीन. ते कुठेही मिळतं."

नवऱ्याने पुन्हा खिडकीत डोकं घातलं. थोड्या वेळाने आतूनच म्हणाला, "जा मग. पण नाक वर करून जा. पडक्या चेहऱ्याने गेलीस तर मी घरात घेणार नाही."

सोमवारी बैठकीला मालकीणबाई टेबलाच्या टोकाला होत्या. घाईसाहेब उभे राहून बोलत होते, कारण बसून त्यांना बोलता येत नसे. सुईबाईने त्यांचं होऊ दिलं. मग तिने वही टेबलावर ठेवली, उघडं पान काढलं, डबीतलं टोक सगळ्यांदेखत मोडक्या सुईला जुळवून डकवलं आणि म्हणाली, "सापडलं. माझ्या अंगुस्तानात होतं. ते तपासायचं मी विसरले. चूक माझी."

घाईसाहेबांचा चेहरा दिवा लागावा तसा उजळला.

"म्हणजे उपग्रहात नव्हतंच! म्हणजे माझं रॉकेट फुकट चुकवलं!"

"रॉकेट माझ्या चुकीने चुकलं. ते कबूल, आणि त्याची शिक्षा द्या. पण उसवलं ते चुकलं नाही. टोक कुठे आहे ते माहीत नसेल तर मी उद्याही उसवीन, आणि परवाही."

"ऐकलंत?" घाईसाहेब मालकीणबाईंकडे वळले. "हट्ट बघा! बाहेरून गोधड्या आणल्या तर ही कटकटच नाही. अकरा वर्षांत त्या बाहेरच्या कारखान्याबद्दल सुई हरवल्याची एक तक्रार नाही."

"तक्रार नाही, की वही नाही?" सुईबाई उठली. आवाज चढला नव्हता, पण टेबलाच्या त्या टोकाला नीट ऐकू गेला. "साहेब, मला हे सांगायची गरज नव्हती. नळात सोडलं असतं तर तुम्हाला जन्मात कळलं नसतं. बाहेरच्या त्या कारखान्यात सुई मोडली, तर तिथून कोण येणार आहे तुमच्यासमोर असं टोक घेऊन? त्याचं नाव सांगा. तो माणूस मिळाला तर मी स्वतः खोलीला कुलूप लावते आणि किल्ली त्याच्या हातात देते."

मालकीणबाईंनी वही स्वतःकडे ओढली. पानं उलटली. अकरा वर्षांच्या मोडक्या सुया, अख्ख्या करून झोपवलेल्या. एकही पान त्यांनी सोडलं नाही.

"सहीचा अधिकार तुमच्याकडून काढतेय," शेवटी त्या म्हणाल्या. "यापुढे सही कात्रीबाई करतील. चूक लहान नव्हती."

"मान्य."

"खोली राहील."

घाईसाहेबांनी तोंड उघडलं. मालकीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मिटलं.

सुईबाईने तिथेच खिशातून छोटी कात्री काढली आणि लाल दोरा कापला. मग पेन मागून नियमांच्या पानावर स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: सकाळी सात सुया, एक अंगुस्तान, संध्याकाळी सात सुया, एक अंगुस्तान. बाहेर आल्यावर कात्री रडवेली होऊन म्हणाली, "बाई, मला नाही हो जमणार सही. ते ओरडले की माझे पाय लटपटतात." सुईबाई म्हणाली, "पाय लटपटू देत. हात लटपटला नाही म्हणजे झालं."

पाच महिने गेले. वणवेवाला उपग्रह नवी गोधडी पांघरून पुन्हा तयार झाला, पुन्हा ट्रक दारात आला, आणि पुन्हा घाईसाहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत शिवणखोलीच्या दारात नाचू लागले. आत कात्री सुयांचं ताट पुढे घेऊन मोजत होती. सुईबाई काम आटोपून कपडे बदलायच्या खोलीत गेली होती. आता सही आपली नाही, तर उगाच मध्ये कशाला, म्हणून.

तिथे तिला आवाज ऐकू आले.

"करा ना सही! सुया पूर्ण आहेत ना?"

"सुया अठ्ठावीस. पूर्ण आहेत," कात्रीचा बारीक आवाज. "अंगुस्तानं चार हवीत. तीन आहेत."

"अहो, ट्रकवाला निघून जाईल! मागच्या वेळी तीन मिलिमीटर, आता ही काय नवीन..."

"जाऊ दे ट्रक. चौथं मिळेपर्यंत पेटी बंद होणार नाही." जरा थांबून, आणखी बारीक, पण न अडखळता: "हवं तर उसवायला घेऊ?"

सुईबाईचा ऊर भरून आला. एवढीशी ती कात्री, कोणापुढे मान वर न करणारी, आणि आज बघा! घाईसाहेब पुन्हा काही ओरडले, तशी हिच्याने राहवेना. अर्धा डगला तसाच अंगावर ठेवून ती ताडताड बाहेर आली आणि थेट त्यांच्या नाकासमोर बोट उगारून कडाडली, "खबरदार तिच्यावर सहीसाठी दबाव आणलात तर! मोजून पूर्ण झाल्याशिवाय इथून चिंधीसुद्धा हलणार नाही!"

घाईसाहेब तिच्या बोटाकडे बघत होते. बाकी दोघीही बघत होत्या. मग सुईबाईनेही पाहिलं.

उगारलेल्या तर्जनीत अंगुस्तान होतं.

ट्रकचं इंजिन बाहेर घुरघुरत होतं. कात्रीने ना हसून दाखवलं ना डोळे खाली वळवले. तिने ताट पुढे केलं.

"बाई, द्या इकडे."

सुईबाईने ते काढलं. काढताना बोट उघडं पडल्यासारखं वाटलं. तिने अंगुस्तान ताटात ठेवलं, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "वहीत लिही. किती वाजता सापडलं ते लिही, आणि कोणाच्या बोटात सापडलं तेही लिही."

कात्रीने ते आधीच लिहिलं होतं.